कुणाची गं तू

चेमोच्या नावाचं पाकीट स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडलं होतं, आणि त्याच्या कोपऱ्यावरचं निळं चिन्ह माझ्या खोलीतल्या भिंतीवर दोन वर्षांपासून चिकटवलेलं होतं. मला वाटलं, नाव चुकलं असेल. पत्त्याखाली आडनाव तेच होतं, लिंडाल. पण आधीचं नाव अन्सेल्मो होतं, म्हणजे माझा जुळा भाऊ, ज्याला घरात सगळे चेमो म्हणतात. तो शाळेतून आला, पाकीट फाडलं, एका हातात लोणी लावलेली तोर्तिया धरून दुसऱ्या हातानं पत्र वाचलं आणि म्हणाला, "हे कॉलेज कुठं आलं गं?" कुठं आलं! त्या कॉलेजच्या वाचनालयाला खिडक्या किती आहेत ते मला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पत्रात लिहिलं होतं की हिस्पॅनिक, म्हणजे मेक्सिकोसारख्या स्पॅनिश बोलणाऱ्या मुलखांतून आलेल्या घरांतल्या विद्यार्थ्यांसाठी दोन दिवसांची खास भेट ठेवली आहे, विमानाचं तिकीट आम्ही पाठवू, या, बघा आणि अर्ज करा. आईनं पत्र दोनदा वाचलं आणि चेमोच्या डोक्यावर टपली मारली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझंही येईल उद्या-परवा. टपाल काय, मागं-पुढं होतं." बाबांनी बशी धुवायला घेतली, आणि एक बशी धुवायला माणसाला इतका वेळ लागत नाही. त्यांना कळलं होतं. माझं पत्र येणार नव्हतं, कारण कॉलेजं प्रवेशपरीक्षेच्या फॉर्मवरून नावं घेतात, आणि वसंतात आम्ही दोघं एकाच हॉलमध्ये परीक्षेला बसलो तेव्हा फॉर्मवरच्या एका प्रश्नाला त्यानं 'हो' अशी खूण केली होती आणि मी तो प्रश्न कोराच ठेवला होता.

आम्ही दोघं एकाच दिवशी जन्मलो. मी चाळीस मिनिटं आधी. आईबाबांचं ठरलेलं होतं की एका मुलाला आईच्या घरचं नाव द्यायचं, एकाला बाबांच्या घरचं. कुणाला कोणतं, ते ठरलं नव्हतं. ते तोंडं बघून ठरलं. मी बाहेर आले ती पांढरीफटक, भुवया दिसू नयेत इतक्या फिकट. नर्स हसली आणि मला बाबांच्या आईचं नाव मिळालं, कारिन. मग तो आला, काळ्याभोर केसांचा, गव्हाळ, आजोबांचं, म्हणजे आईच्या वडिलांचं नाक घेऊन, आणि त्याला आजोबांचं नाव मिळालं. कानामागून आला नि तिखट झाला. वाटणी अशी चाळीस मिनिटांत झाली आणि तिला हरकत घ्यायला मी तिथं असूनही नव्हते. लहानपणी मी आईला विचारायची की आधी तो आला असता तर? आई म्हणायची, तरी तोच अन्सेल्मो झाला असता, वेडे. ती हे प्रेमानं म्हणायची. मला ते पुढं कितीतरी दिवस टोचायचं.

आमचं गाव कॅन्ससमधलं, रेल्वेचं. रुळांच्या अलीकडे धान्याची उंच कोठारं, चर्च आणि बाबांच्या लोकांची घरं. रुळांच्या पलीकडे यार्डाची वस्ती, जिथं आजोबांचे वडील मेक्सिकोतून येऊन रूळ टाकायला राहिले आणि मग सगळेच राहिले. दर जुलैत तिथल्या मैदानावर सॉफ्टबॉलचे सामने होतात. एके काळी गावातल्या संघांत यार्डाच्या पोरांना घेत नसत, म्हणून म्हाताऱ्यांनी आपले सामने सुरू केले आणि नियम केला की खेळणाऱ्याचं रक्त निदान अर्धं तरी आपलं पाहिजे. कॉटनवूडच्या झाडाखाली टेबल मांडून क्रूझ लेदेस्मा बसायचे. त्यांच्यापुढे वही, आणि ओठांवर एकच प्रश्न, "कुणाचा रे तू? कुणाची गं तू?" पोरानं आजोबांचं नाव सांगायचं, लेदेस्मांनी मान डोलवायची, नाव वहीत. अकराव्या वर्षी आम्ही दोघं त्या टेबलापुढे उभे राहिलो. चेमोला त्यांनी विचारलंसुद्धा नाही. "हा रेंतेरिया. नाकच सांगतंय," म्हणाले आणि आजोबांच्या त्या आडनावाखाली लिहून मोकळे झाले. मग माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडणार तोच मागून आजोबा म्हणाले, "ही होय? ही दवाखान्यात बदलून आली!" सगळे हसले. लेदेस्मा हसले, चेमो हसला, मीही हसले. हसता हसता लेदेस्मा म्हणाले, "मग बाई, कागद लागेल." आणि तो विनोद नव्हता. आई जन्माचा दाखला आणायला गाडी घेऊन घरी गेली. दाखला आला तेव्हा तिसरा डाव चालू होता. तोवर मी बाकावर बसून होते, मांड्या लाकडाला चिकटलेल्या, आणि मैदानावर माझा भाऊ होता. त्याला कागद लागला नव्हता. पुढच्या वर्षी मी सांगितलं की मला सॉफ्टबॉलचा कंटाळा आला.

कंटाळा! मी त्याच्यापेक्षा दुपटीनं चांगली टाकायचे. मी डावखुरी आहे. आजोबाही डावखुरे, आणि यार्डाच्या संघाकडून त्यांनी वीस वर्षं चेंडू टाकला. आईच्या घरात दुसरं कुणी डावखुरं नाही, बाबांच्याही घरात नाही. म्हणजे त्यांनी आपलं नाक त्याला दिलं आणि हात मला दिला. पण नाक रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतं. हात दिसायला मैदानावर जावं लागतं, आणि मैदानावर जायला टेबल ओलांडावं लागतं. म्हणून परीक्षेच्या हॉलमध्ये तो प्रश्न आला, 'तुम्ही हिस्पॅनिक किंवा लॅटिनो आहात का? हो. नाही,' तेव्हा मला छापील अक्षरांमागे लेदेस्मा दिसले. मी 'हो' म्हणणार आणि कुणीतरी माझ्या भुवयांकडे बघून म्हणणार, मग बाई, कागद लागेल. 'नाही' म्हणवत नव्हतं. दोन ओळी पुढं बसलेल्या चेमोनं क्षणभरही न थांबता खूण केली असणार. हेवा म्हणजे काय ते मला तिथं नीट कळलं. त्याच्याकडे काय आहे, याचा नव्हे. ते त्याला किती सहज आहे, याचा. मला तर याहून वाईट गोष्टीचा हेवा वाटलेला आहे. मागच्या हिवाळ्यात आम्ही दोघं बाबांच्या वाढदिवसाला शर्ट घ्यायला दुकानात गेलो होतो. रखवालदार चेमोच्या मागे मागे फिरत राहिला. चेमो थांबला की तो थांबे, चेमोनं शर्ट उचलला की तो खोकून घेई. बाहेर आल्यावर चेमोचे कान लाल झाले होते. आणि मी, त्याची सख्खी जुळी बहीण, गाडीची काच पुसत विचार करत होते की त्या परक्या माणसालासुद्धा हा कुणाचा ते कळतं. लाज वाटते सांगायला. पण वाटलं होतं, ते वाटलं होतं.

अर्जाची मुदत ऑक्टोबरच्या शेवटी होती. शेवटच्या शनिवारी दुपारी चेमोनं लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. तो त्याच कॉलेजला अर्ज करणार होता, माझ्या भिंतीवरच्या. "एकदा बघून दे ना. तुझं बरं असतं लिहिणं. मी केस कापून येतो." तो गेला. मी त्याचा अर्ज उघडला. नाव, पत्ता, जन्मतारीख, सगळं माझंच असल्यासारखं. मग तो प्रश्न, आणि 'हो'. मी पुढं गेले. निबंध आजोबांवर होता. ते मला अपेक्षितच होतं. दुसऱ्या परिच्छेदात आजोबा परसात कपड्यांच्या दोरीवर चेंडूचा नेम धरायला जुनी गादी टांगत होते. बरोबर आहे, टांगायचे. मग लिहिलं होतं की आजोबांनी माझा हात आपल्या हातात घेतला, माझी दोन बोटं चेंडूच्या शिवणीवर ठेवली आणि म्हणाले, चेंडू फेकायचा नसतो, सोडायचा असतो. मी खुर्चीत ताठ बसले. तो हात माझा होता. डावा. आजोबांच्या त्या बोटाला इंजिनाच्या ग्रीसचा आणि पिवळ्या साबणाचा वास यायचा आणि नखावर एक उभी चीर होती, ती माझ्या बोटावर खरखरायची. मनगट कमरेला घासून गेलं पाहिजे म्हणायचे. घासून घासून माझ्या डाव्या कमरेवर निळा डाग उठला होता आणि तो जाऊ नये म्हणून मी आंघोळ करताना तिथं साबण लावायची नाही. लेदेस्मांच्या टेबलाआधीच्या त्या अख्ख्या उन्हाळ्यात चेमोला त्यांनी काही शिकवलं नाही. तो उजव्या हाताचा. आजोबा म्हणायचे, उजव्यांना कुणीही शिकवील. नाव त्याचं, नाक त्याचं, वहीत ओळ त्याची, पाकीट त्याचं, आणि आता उरलेला एवढासा हात, तोही त्यानंच घ्यावा? आयत्या बिळावर नागोबा! मी पानं मागे उलटवली, त्या प्रश्नाशी आले आणि 'हो' काढून 'नाही' केलं. अगदी सोपं होतं. बोट जरा हललं, इतकंच. मग ते जतन केलं, निबंधातल्या दोन चुका दुरुस्त केल्या, कारण सांगितलेलं काम मी अर्धवट ठेवत नाही, आणि आई ओरडून सांगत होती म्हणून पोसोलेचा, मका-मांसाच्या रश्श्याचा डबा घेऊन आजोबांकडे निघाले.

रूळ ओलांडताना माझे हात गार पडले होते आणि डबा गरम होता. मला बरं वाटत होतं. मला फार वाईट वाटायला हवं होतं, हे मला माहीत होतं, पण मालगाडीचे डबे मोजत फाटकापाशी उभी असताना मला बरंच वाटत होतं. आता त्यालाही विचारतील. आता तोही उभा राहील. आजोबा पुढच्या दारात खुर्ची टाकून कानातलं यंत्र हातात घेऊन बसले होते. मला बघून त्यांनी ते कानात घातलं. "ये गुएरा," म्हणाले. गुएरा म्हणजे गोरी. जन्मल्यापासून ते मला हेच म्हणतात, कारिन म्हणायला त्यांची जीभ वळत नाही असं त्यांचं म्हणणं. मी डबा आत ठेवला, त्यांना वाटीत वाढून दिलं. ते मक्याचे दाणे आधी वेचून खातात, मांस नंतर.

"कॉलेजला अर्ज भरतोय आम्ही," मी म्हणाले. "त्यात विचारतात, तुम्ही कोण."

"विचारतात का? बरंय. आम्हाला नाही कुणी विचारलं. कोरियाच्या लढाईला पाठवताना सार्जंटनं माझा कागद भरला. माझ्याकडे बघितलंही नाही. वंशापुढे लिहिलं, गोरा."

"तुम्ही? गोरे?"

"तेव्हा आम्हा सगळ्यांना तेच लिहायचे. माझ्या कागदांत आहे अजून, बघ हवं तर. कागदावर मी गोरा होतो आणि गावच्या पोहण्याच्या तलावात आम्हाला फक्त रविवारी संध्याकाळी सोडायचे. सोमवारी पाणी बदलायचे ना, म्हणून." त्यांनी वाटीतला एक दाणा चमच्यानं पकडला. "एकदा मी त्या तलाववाल्याला म्हटलं, अरे बाबा, मी गोरा आहे, सरकारला विचार. तो म्हणाला, सरकारला घेऊन ये मग पोहायला."

ते स्वतःच हसले. मी हसले नाही. एवढ्या हसऱ्या माणसाला मी सहा वर्षं एक प्रश्न विचारला नव्हता, तो आता तोंडातून निघून गेला. "आजोबा, लेदेस्मांचं टेबल आठवतं? मी अकरा वर्षांची होते. त्यांनी विचारलं, मी कुणाची. तुम्ही म्हणालात, ही दवाखान्यात बदलून आली."

"चांगलं होतं की!" ते पुन्हा हसले. मग त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि वाटी खाली ठेवली. "मी म्हणालो असं?"

"तुम्हीच."

"मला नाही आठवत, पोरी."

खोटं नव्हतं ते. त्यांच्या डोळ्यांत काहीच नव्हतं, ना टेबल ना झाड. जे वाक्य मी सहा वर्षं पोटाशी धरून वाढवलं, शाळेत, चर्चमध्ये, परीक्षेच्या हॉलमध्ये बरोबर नेलं, ते त्यांनी म्हटलं त्याच दुपारी सांडून टाकलं होतं. मला राग यायला हवा होता. मी नुसती पायरीवर बसले.

"म्हणून खेळायचं सोडलंस होय?" आजोबा म्हणाले.

मी 'हो' म्हणून मान हलवली.

"मला वाटलं, तुला आमची लाज वाटायला लागली. बापाच्या बाजूला गेलीस, असं वाटलं. मी म्हटलं, जाऊ दे. गोरी आहे, तिला सोपं जाईल." आणि ते उठले. उठायला त्यांना वेळ लागतो. आत कपाटाचं दार वाजलं, बराच वेळ काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा हातात त्यांचा जुना ग्लोव्ह होता, आत चेंडू ठेवून रबरानं बांधलेला. चामडं काळंभोर झालं होतं आणि त्याला तेलाचा ताजा वास होता. "दर वसंतात तेल देतो," ते म्हणाले. "तुझा पंजा मोठा व्हायची वाट बघत होतो. मग तू यायचीच थांबलीस. तेल द्यायचं कसं थांबवणार?" डाव्या हातानं चेंडू टाकणाऱ्याचा ग्लोव्ह उजव्या हातात घालायचा असतो. मी उजवा हात आत घातला. त्यांची बोटं जिथं जिथं वर्षानुवर्षं बसली होती तिथं खड्डे पडले होते आणि माझी बोटं त्यांत नीट जाऊन बसली. मला रडू आलं, आणि ते मी ग्लोव्हमागं लपवलं नाही. आजोबांनी कानातलं यंत्र पुन्हा काढलं आणि मांस खायला घेतलं.

परतताना मी रुळांवरून जवळजवळ पळत आले. त्यानं अर्ज पाठवला असेल तर? केस कापायला कितीसा वेळ लागतो? 'नाही' असं लिहिलेला अर्ज एकदा गेला की गेला, आणि मग जन्मभर त्याच्याकडे बघताना मला ते बोट आठवणार. चेमो टेबलापाशी बसला होता, मानेवर कापलेले केस चिकटलेले. पडद्यावर त्याचा अर्ज उघडा होता. मी दम न घेता म्हणाले, "थांब, पाठवू नकोस, मला एक बघायचंय."

"केलं मी ते नीट," तो म्हणाला. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. "'हो' केलंय परत."

मी उभीच राहिले. तो अर्जाकडे बघत होता, आणि मग त्याला माझ्या हातात काय आहे ते दिसलं.

"तो दिला तुला?"

"हो."

"मी दोनदा मागितला होता. चौदाव्या वर्षी एकदा, आणि या जुलैत. म्हणाले, तुझ्या हाताचा नाही तो." त्यानं मानेवरचे केस झटकले. त्याचे कान लाल झाले होते, दुकानाबाहेर झाले होते तसे. "तेवढाच मागितला होता मी."

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? लाजेच्या मागोमाग, तिच्या पदराला धरून आल्यासारखा, आनंद झाला. त्याला माझं काहीतरी हवं होतं आणि ते त्याला कधीच मिळणार नव्हतं. मी खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसले आणि ग्लोव्ह मांडीवर ठेवला.

"निबंधातला हात माझा आहे, चेमो."

"माहितीये."

"मग का लिहिलंस?"

"तू कुठं लिहिणार होतीस? तू तर सोडूनच दिलंस सगळं. आणि मी काय लिहू? मला त्यांनी काही शिकवलं का? नाव दिलं. नावावर किती ओळी होणार?"

"काढ ते."

"कारिन, आज पाठवायचंय."

"काढ म्हटलं ना."

त्यानं काढलं. अख्खा परिच्छेद निवडून एका फटक्यात पुसला, आणि निबंधाच्या मधोमध पांढरी जागा राहिली. मग लॅपटॉप माझ्याकडे वळवून म्हणाला, "आधी तुझा भर. मला विचार करू दे." मी माझा अर्ज उघडला. तो प्रश्न आला. मी डाव्या हातानं 'हो' केलं. मुद्दाम डाव्या हातानं, कुणाला दिसणार नव्हतं तरी. त्याखाली वंश विचारला होता, तिथं मी 'गोरा' निवडलं आणि त्याला आजोबांच्या कागदाची गोष्ट सांगितली. तो ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "म्हणजे कागदावर आजोबापण तुझ्याच बाजूला! शाब्बास." आम्ही दोघंही हसलो, पण तो जरा कमी हसला.

"सांग आता, काय लिहू?"

"तू काय करायचास तेव्हा, ते लिही. चेंडू आणायचास ना?"

"चेंडू आणायचो, असं लिहू कॉलेजला?"

"आणायचास ना?"

तो लिहायला बसला. मी ग्लोव्हचं रबर काढत-घालत राहिले. अर्ध्या तासानं त्यानं लॅपटॉप पुन्हा माझ्यापुढे सरकवला, बघून दे म्हणाला आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. त्यानं लिहिलं होतं की गादीला एक भोक होतं आणि चांगला टाकलेला चेंडू त्यातून थेट शेजारच्या कुत्र्याच्या अंगणात जायचा, म्हणून बहीण जितकी चांगली टाकेल तितक्या वेळा मला कुंपणावरून चढून जावं लागायचं. लिहिलं होतं की त्या उन्हाळ्यात मी कुंपण एकशेबारा वेळा चढलो, मी मोजायचो. आणि शेवटी लिहिलं होतं, आजोबा तिच्या हाताकडे बघायचे आणि मी आजोबांकडे बघायचो. त्यामुळे त्यांचा चेहरा आमच्या घरात माझ्याइतका कुणालाच पाठ नाही.

मी ते दोनदा वाचलं. माझ्या निबंधात असलं एकही वाक्य नव्हतं. त्यांचा हात मला माहीत होता, वास माहीत होता, नखावरची चीर माहीत होती. पण तेव्हा त्यांचा चेहरा कसा दिसत होता, ते मला आठवेना. मी गादीकडे बघत होते.

"बरं झालंय का?" चेमोनं खिडकीतूनच विचारलं.

"एक स्वल्पविराम चुकलाय," मी म्हणाले, आणि तो दुरुस्त केला.